उशिरा यायला शिकलेली फलाटताई

माझी सून बस स्थानकात घोषणा करते. एकोणीस वर्षं झाली. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे तिनं जितक्यांदा म्हटलं असेल, तितक्यांदा मी घरात कोणाला जेवायला हाक मारली नसेल. तिला तिच्या नावानं कोणी ओळखत नाही, सगळ्यांची ती फलाटताई. भाजीवालासुद्धा विचारतो, "काय फलाटताई, आज कितव्या फलाटावर?"

तिचा आवाज म्हणजे धुऊन, कडक इस्त्री करून ठेवलेला. एक सुरकुती सापडायची नाही. मी एकतीस वर्षं लाँड्रीत काढली आहेत, तेव्हा इस्त्रीबद्दल मला बोलता येतं. घोषणेला तसाच आवाज लागतो म्हणा. माणसाला गाडी कुठे लागली ते कळायला हवं, सांगणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय ते नव्हे.

आणि वेळेची तर इतकी पक्की, की गाडी लागायच्या दोन मिनिटं आधी घोषणा झालीच पाहिजे. ही सवय तिनं घरीही आणली. दूध वर येण्याआधी ती गॅस बंद करते. माझा मुलगा शिंकायच्या आधी त्याच्या हातात रुमाल असतो. बिचाऱ्याला कधीकधी शिंक आलेलीच नसते, पण रुमाल धरून बसावं लागतं.

तिच्या केबिनच्या मागच्या खिडकीला लागून डेपोचं वर्कशॉप आहे. तिथे दुपारच्या सुट्टीत तीन-चार माणसं डबे आटपून वाजवत बसतात. गिटारवर ग्रीसकाका. हे जुने मेकॅनिक, निवृत्तीला आलेले, नखं कायमची काळी, म्हणून ग्रीसकाका. ड्रमवर पत्रेवाला, तो दिवसभर गाड्यांचे पत्रे ठोकतो आणि सुट्टीत पुन्हा ठोकतो. आणि जाड तारांची ती बेस गिटार वायरमनकडे. तो बोलत नाही. का बोलत नाही ते कोणी विचारलेलं नाही. त्यांचा गाणारा होता, त्याची दुसऱ्या डेपोला बदली झाली. मग ग्रीसकाकांनी वर्कशॉपच्या दारावर कागद चिकटवला: 'गाणारे माणूस पाहिजे.'

सुनेनं तो कागद काढून घरी आणला. म्हटलं, "हा का आणलास?"

"दुसऱ्या कोणी वाचू नये म्हणून."

अशी ती. पण तिच्याआधी स्थानकासमोरच्या बेकरीवाल्यानं वाचला होता, ते तिला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी माझा मुलगा जेवणाच्या टेबलावर कोणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि उरलेलं काम तो घरी घेऊन येतो. ही म्हणाली, "मी गाणार आहे. ग्रीसकाकांच्या बँडमध्ये."

"ते गाणं आहे?" तो काडीवरून नजर न काढता म्हणाला. "मला वाटायचं, एखादं इंजिन बिघडलंय."

"ब्लूज-रॉक म्हणतात त्याला."

मला त्यातलं काही कळेना. म्हटलं, "ब्लूज म्हणजे काय गं?"

ती विचार करून म्हणाली, "आई, दुःखाचंच गाणं असतं, पण रडगाणं नाही. एखादी बाई कंबरेवर हात ठेवून सांगते ना, की बघा, माझं असं असं झालं आणि तरी मी इथे उभी आहे. तसं. आणि रॉक म्हणजे तेच, पण शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं."

"मग हे मला येतं," मी म्हटलं.

मुलगा हसला. ती हसली नाही. रात्रीची भांडी आवरताना मला म्हणाली, "आई, एकोणीस वर्षं रोज बोलतेय. त्यातलं एक वाक्य माझं नाही. सगळं कोणी तरी लिहून दिलेलं. उद्या माझ्या जागी रेकॉर्ड लावली तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा तरी ह्या गळ्यातून माझं काही बाहेर पडलं पाहिजे. नाही तर कशाला दिलाय तो?"

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसलं.

ग्रीसकाकांनी मुदत दिली. सहा शनिवार शिकायचं, सातव्या शनिवारी कामगार हॉलमध्ये कार्यक्रम. तिथे आधी बेकरीवाला गाणार, मग ही. ज्याचं जमेल तो बँडचा. दोघांना घेता येणार नाही, कारण वर्कशॉपमध्ये माइक एकच.

पहिल्या शनिवारी ती गाऊन आली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, फलाटताई, सूर बरोबर, शब्द स्वच्छ. पण ऐकताना मला उगाच पिशवी उचलून धावावंसं वाटलं."

मला हसू आवरेना. ती बसल्या जागी उजवा अंगठा बघत होती. केबिनमधल्या माइकला एक बटण आहे. ते दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. एकोणीस वर्षांत तिचा गळा त्या अंगठ्याला असा जोडला गेला होता, की अंगठा दाबल्याशिवाय तोंडातून सूरच निघेना. हातात काही नसलं तरी अंगठा आपला दाबतोय.

गाण्याची रीत मात्र तिला पहिल्याच दिवशी कळली होती. ग्रीसकाकांनी सांगितलं, एक ओळ म्हणायची. तीच ओळ पुन्हा म्हणायची. आणि तिसऱ्या ओळीत खरं काय ते सांगून टाकायचं. हिनं विचारलं, "पहिल्याच ओळीत खरं सांगितलं तर?"

"मग ती घोषणा झाली."

ह्यानंतरचा घोळ मात्र माझ्यामुळे झाला. तिनं मला असं गाणाऱ्या बायका मोबाइलवर ऐकवल्या. आवाज असे, की कोणी खडीवरून पेटी ओढत नेतंय. मला वाटलं, हे तर सोपं आहे. लाँड्रीत मशिनांवरून ओरडून ओरडून आम्हा सगळ्यांचे आवाज तसेच झाले होते. म्हटलं, "अगं, त्यात शिकायचं काय? ओरड. मी वॉशिंग मशीन लावते, त्याच्यावरून ओरड."

आणि ती ओरडली. चार दिवस, कामावरून आल्यावर, मशीन पिळायला लागलं की ही बाथरूमच्या दारात उभी राहून ओरडायची आणि मी बाहेरून म्हणायची, "अजून!" शेजारीण येऊन विचारून गेली, घरात सगळं ठीक आहे ना. पाचव्या दिवशी सकाळी सून उठली आणि तिच्या तोंडातून नुसती हवा आली.

तीन दिवस आवाज नाही. डेपोत हिच्या जागी तिकिटांच्या खिडकीवरचा कारकून बसवला. त्यानं गाडी लागल्यावर घोषणा केली, ती पण खोकत, आणि बंदराकडे जाणारी अर्धी माणसं डोंगराकडच्या गाडीत जाऊन बसली. डेपोच्या साहेबांनी हिला बोलावून सांगितलं, पुन्हा आवाज बसला तर पार्सलच्या खिडकीवर पाठवीन, मग तिथे हवं तेवढं गप्प राहा.

मुलगा चिडला. तो चिडला की आवाज चढवत नाही, चष्मा पुसतो. "झालं तेवढं पुरे," म्हणाला.

हिनं कागद ओढला आणि लिहिलं, 'शनिवारी जाणार.'

त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'नोकरी गेली तर?'

'गळा माझा आहे.'

'घर दोघांचं आहे.'

'म्हणून दोघांनी ऐकायचं.'

अर्धा तास असं भांडण चाललं. तो का लिहीत होता कोणास ठाऊक, त्याचा गळा ठणठणीत होता. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, "ओरडायला मी सांगितलं. तिला बोलू नकोस." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा आणखी जोरात पुसला.

शनिवारी ती गेली, तोंड बंद ठेवून नुसती बसून आली. तिच्यापाठोपाठ ग्रीसकाका आमच्या दारात.

"कोणी सांगितलं हिला ओरडायला?"

"मी," मी म्हटलं. "बसा. चहा घेता?"

"तुम्ही गाणं शिकलात का कधी?"

"नाही. तुम्ही कपडे धुतलेत का कधी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि चहा घेतला. मग सांगितलं, "आजी, ती खरखर शेवटी भुरभुरायची असते, मिठासारखी. तुम्ही तिला मिठाचंच जेवण वाढलंत." त्यांनी सुनेला उभं केलं आणि माझा हात तिच्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर ठेवला. "श्वास घे. खांदे नकोत. आजींचा हात बाजूला सरकला पाहिजे." सरकेना. एकोणीस वर्षं ती गळ्याच्या वरच्या दोन बोटांत श्वास घेत होती. घोषणेला तेवढा पुरतो.

तेव्हापासून रोज सकाळी पेल्यात पाणी, त्यात नळी, आणि त्यातून सूर काढत बुडबुडे. गळा मोकळा होतो म्हणे. "त्रेचाळीस वर्षांची बाई बुडबुडे काढतेय," मुलगा दाढी करताना म्हणायचा. पण पेला भरून तोच ठेवायचा, मी बघितलंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. चौथ्या शनिवारच्या आत माझा हात सरकायला लागला. बुधवार होता. मी म्हटलं, "आला बघ!" आणि तिनं इतकी जोरात फुंकर मारली की पाणी माझ्या चष्म्यावर.

ग्रीसकाकांनी तिला गाणं स्वतःचं लिहायला सांगितलं होतं. तिनं वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. पहिलं कडवं असं:

गाडी लागली, गाडी सुटली, मी खिडकीतून पाहिली,
गाडी लागली, गाडी सुटली, मी खिडकीतून पाहिली,
साऱ्या गावाला वाट सांगितली, माझी सांगायची राहिली.

मुलानं वाचलं. मग म्हणाला, "तुला कुठे जायचंय का?"

"कुठेच नाही हो."

"मग?"

"जायचं असतं तर तिकीट काढलं असतं. गायलं कशाला असतं?"

त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. पण कागदाची घडी घालून त्यानं तिच्या पर्समध्ये ठेवली.

आता आवाज होता, श्वास होता, गाणं होतं. आणि तरी पाचव्या शनिवारी ती तोंड पाडून आली. काय झालं होतं, तर ती वेळेवर येत होती. ह्या गाण्यात म्हणे ड्रमचा ठोका पुढे जाऊ द्यायचा आणि आपण किंचित मागून, जरा रेंगाळत यायचं. त्या रेंगाळण्यात सगळी मजा. आणि ही ठोक्यावर, नाही तर ठोक्याच्या आधीच हजर. पत्रेवाला म्हणाला, "ताई, मी ठोकायच्या आधीच तुम्ही सांगून टाकता. मग मी कशाला ठोकू?"

"आई, मला उशिरा येताच येत नाही," ती म्हणाली. "माझ्या अंगावर काटा येतो. वाटतं, कोणाची तरी गाडी चुकेल."

तिची चूक नव्हती. पहिल्या वर्षी एकदा तिला घोषणेला एक मिनिट उशीर झाला होता आणि एक म्हातारे गृहस्थ धावता धावता फलाटावर पडले होते. त्यांना खरचटलं तेवढंच, पण त्यांच्या पिशवीतले कांदे फलाटभर पसरले आणि हिनं ते सगळे वेचून दिले. तेव्हापासून ही दोन मिनिटं आधी.

त्या आठवड्यात सोमवारी सुट्टी होती तिची. गच्चीवर मोठ्या चादरी वाळल्या होत्या. आम्ही दोघी घड्या घालायला गेलो. मोठी चादर एकटीनं होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग एकीनं चालत दुसरीकडे यायचं. मी लाँड्रीत हेच केलंय, जोडीदारणीबरोबर, दिवसाला तीन-चारशे. आणि सुनेबरोबर माझं दर वेळी तेच भांडण. मी ओढायच्या आधीच ती यायला निघते, चादर मधे पोट सोडते, जमिनीला लागते.

त्या दिवशीही लागली. मी वैतागले. "अगं बाई, थांब की! मी ओढते ना, ते हाताला कळू दे. चादर ताठ झाली की मग ये. मी ओढायच्या आधी येतेस, मग मी ओढू कोणाला?"

ती टोक धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा ओढा."

मी ओढलं. ती थांबली. चादर ताणली गेली, कडेला जरा थरथरली, मग ती आली. पण कशी, तर ओढ न सोडता, मला वजन देत देत.

"पुन्हा."

"घडी झाली की."

"उलगडा, आई. पुन्हा."

दुसऱ्यांदा ती गुणगुणायला लागली. मी ओढलं की ड्रमचा ठोका, आणि ती मागून. गाडी लागली. ओढ. गाडी सुटली. आम्ही एकाच चादरीची घडी अकरा वेळा घातली आणि अकरा वेळा उलगडली. शेजारीण गच्चीवर आली होती, तिचे कपडे न काढताच खाली गेली.

सहाव्या शनिवारी सून मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. सोबत चादर. शहात्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं. खाली खड्डा, वर उघडी बस, सगळीकडे ऑइलचा वास, आणि मध्ये आम्ही दोघी पांढरी चादर धरून उभ्या. पत्रेवाला म्हणाला, "आजी, इथे वाळणार नाही हो, काळी होईल."

"तू ठोक," मी म्हटलं. "ठोकलंस की मी ओढीन."

त्यानं ठोकलं, मी ओढलं, आणि सून ठोक्याच्या मागून आली. दोन कडवी झाली तेव्हा ग्रीसकाकांनी गिटार थांबवली नाही, पण मान वर केली. वायरमन बोलला. "हां," म्हणाला. पत्रेवाल्यानं मला नंतर सांगितलं, वर्षभरात तेवढंच.

चादर काळी झालीच. डाग अजून गेलेला नाही आणि मीही फार मागे लागलेली नाही.

सातवा शनिवार. कामगार हॉलमध्ये पत्र्याच्या खुर्च्या, दीडेकशे माणसं. ड्रायव्हर, कंडक्टर, त्यांची घरची मंडळी, साहेबसुद्धा. मी आणि मुलगा तिसऱ्या रांगेत. आधी बेकरीवाला गायला. खोटं कशाला सांगू, छान गायला. गोड, गुळगुळीत, हात पसरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा पुटपुटला, "हा चांगला गातो की," आणि मी त्याला चिमटा काढला.

मग ही आली. अंगात रोजचीच निळी साडी. माइक काढून हातात घेतला. आणि मी मुलाचा हात धरला, कारण त्या माइकलाही बटण होतं. उजव्या अंगठ्याखाली.

ठोका पडला. तिनं श्वास घेतला, अंगठा दाबला, आणि माइक बंद झाला.

पहिली ओळ कोणालाच ऐकू आली नाही. तिचे ओठ हलताना दिसले, तेवढंच. मागून कोणी तरी ओरडलं, "कितव्या फलाटावर?" आणि सगळा हॉल हसला. साहेबही हसले. माझा मुलगा अर्धा उठला. मी त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं.

ग्रीसकाका वाजवत राहिले. ती माइककडे बघत होती. आता बटण दाबेल, माफी मागेल, पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, असं मला वाटलं. तिनं वाकून माइक खाली ठेवला. सरळ उभी राहिली. दोन्ही हात रिकामे. मग तिनं ते कंबरेवर ठेवले.

दुसऱ्या ओळीचा ठोका पडला आणि पुढे गेला. ती आली नाही. हॉल अजून हसत होता. ती आली नाही. मी मांडीवरच्या पदराचं टोक मुठीत धरून ओढलं.

मग ती आली. गाडी लागली. माइक नाही, काही नाही, बरगड्यांच्या खालून. 'सुटली' ह्या शब्दाला तिनं असं ताणून धरलं की ती कडेची थरथर मला तिसऱ्या रांगेत हाताला लागली. आणि अगदी शेवटी, 'पाहिली'वर, ती खरखर. चिमूटभर. हसणारे थांबले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता. एकोणीस वर्षं लांबच्या माणसाला ऐकवायचीच तिची सवय, ती काय वाया जाते?

पहिली ओळ हरवली तरी काही बिघडलं नव्हतं. तीच ओळ दुसऱ्यांदा येते. तिसरी तिनं साहेबांकडे बघून म्हटली, की आमच्याकडे, की दाराकडे, मला सांगता येणार नाही, चष्मा धूसर झाला होता. साऱ्या गावाला वाट सांगितली. मुलगा चष्मा पुसत होता, पण चिडला नव्हता. माझी सांगायची राहिली.

चार कडवी झाली. टाळ्या बेकरीवाल्याइतक्याच पडल्या असतील, मी मोजल्या नाहीत. पण मागून जो ओरडला होता, तो कंडक्टर उठून पुढे आला आणि खाली ठेवलेला माइक उचलून त्यानं तिच्या हातात दिला. बटण आधी स्वतः चालू करून.

ग्रीसकाकांनी शाबासकी दिली नाही. गिटार पेटीत ठेवताना म्हणाले, "सोमवारी दुपारी दीडला तालीम. वेळेवर या."

"दोन मिनिटं आधी येईन," ती म्हणाली.

बेकरीवाला महिनाभर रागावला होता. आम्हाला कालचे पाव द्यायचा. आता निवळलाय.

कार्यक्रमानंतरच्याच सोमवारी सकाळी मी मुद्दाम स्थानकात जाऊन बसले होते. कोणाची वाट बघायची नव्हती. भोंगा खरखरला आणि सुनेचा आवाज आला, तसाच, कडक इस्त्रीचा, एक सुरकुती नाही. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बरोबर दोन मिनिटं आधी. माझ्या शेजारची बाई पिशवी उचलून धावली.